भिंतीपलीकडचा माग

कबनूर,
गुरुवार, दि. ९ जानेवारी २०२५

चि. आदिती हिला आज्जाचा जय जिनेंद्र आणि डोक्यावर हात.

इकडं सगळं बरं आहे. थंडी आहे. तुझे बाबा अंधारातच कागलला कामावर निघतात. गाडी हळू चालव म्हटलं की हसतात. पुण्याच्या पाण्यानं तुझा घसा धरतो, पाणी उकळून पीत जा. हे फोनवर सांगता आलं असतं, पण वृषभ, म्हणजे तुझे बाबा, शेजारी उभा असला की माझे शब्द अडकतात. सातवीपर्यंतच शिकलो, चुकांकडं बघू नकोस.

पोरी, दिवाळीत तू कट्ट्यावर बसून तुझ्या प्रबंधाचा नकाशा दाखवलास, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. कमाई जास्त तिथं गडद रंग, कमी तिथं फिकट. तू म्हणालीस, "आज्जा, एकेक गाव सुटं धरून मोजलं तर गणित चुकतं. एका गावाचं बरं-वाईट शेजारच्या गावाला लागतं." मी विचारलं, "मग शेजारी म्हणायचं कुणाला?" तू म्हणालीस, "तेच ठरवावं लागतं. कुणाला किती वजन द्यायचं ते."

दुपारी जेवून आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यात खुर्चीवर बसलो की डोळा लागतो, आणि तुझा नकाशा दिसतो. पण तो ओल्या कापडाचा असतो. हातकणंगल्याकडं कुणीतरी रंगाचा थेंब सोडतं. तो धाग्याधाग्यानं सरकत कबनूरला येतो, तिथून कागलकडं जातो. शिवेवर थांबत नाही. हात लावला की माझी बोटं रंगतात. जाग येते तेव्हा दारातून उन्हाचा पट्टा आत आलेला असतो, त्यात कापसाचे तंतू तरंगत असतात, आणि पलीकडं शेजारच्या रुद्रय्याचा माग वाजत असतो. दोन्ही कारखान्यांत एकच भिंत. त्याचा माग चालू असला की आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. जागा झालो तरी मी अजून त्या कापडातच असतो.

तू आणखी एक सांगितलं होतंस. गल्लीत वीज किती जळते, त्यावरून तू धंद्याचा अंदाज बांधतेस, आणि आपल्या गल्लीचा आकडा शेजारच्या गल्ल्यांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा वर येतो. "इथं काहीतरी आहे, जे माझ्या गणिताला माहीत नाही," असं म्हणालीस. मी तेव्हा चहा सांगायला उठलो. चहा कुणालाच नको होता.

आता लिहितो. दसऱ्यापासून आपल्या मागावर सूत नाही. आडवा धागा नेणारा धोटा काढून फळीवर ठेवलाय. दुपारभर मी माग नुसताच चालवतो.

रुद्रय्याला ऐकू जावा म्हणून. गल्लीतला एक कारखाना बसला की शेजारचा फार दिवस टिकत नाही, हे मी बघत आलोय. दोघांसाठी येणारा सूतवाला एकासाठी येत नाही, दुरुस्तीवाला टाळतो. आणि पलीकडचा आवाज गेला की माणसाचा धीरच जातो. रुद्रय्याला त्या मागाशिवाय दुसरं काही नाही. गुडघ्यांमुळं तो इकडं येत नाही, म्हणून त्याला कळलं नाही. पण माझी ही पोकळ वीज तुझ्या आकड्यांत शिरली. एक माग तो कितीसा, असं मनाला समजावतो. मन ऐकत नाही. तुझा प्रबंध माझ्यामुळं नापास झाला तर?

त्यात वृषभनं १९ तारखेच्या रविवारी माग मोडीत घालायला भंगारवाला बोलावलाय. मी हो म्हणून बसलो. रुद्रय्याला सांगायचं मात्र राहिलं. चार वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो.

आज गेलो. जाताना आपला माग चालूच ठेवला. त्याची सून सौंदर्या म्हणाली, "मामा आत हायत. बसा की, उभं का?" मी आत गेलो. रुद्रय्या स्टुलावर डोळे मिटून बसला होता. समोर माग धडधडत होता. त्याच्यावर एक धागा नव्हता.

मी म्हणालो, "रुद्रय्या, सूत कुठं हाय रं?"

त्यानं डोळे उघडले. आधी चिडला, मग खाली बघितलं. "तुज्याकडं तरी हाय व्हय?"

"न्हाय."

"मग कशाला बडवतोस रं दिवसभर?"

"तुज्यासाठी की!"

"आन् मी कुणासाठी? तुजा आवाज येतोय, म्हटलं बापूसो अजून हाय. आपुन थांबलो तर ह्यो गडी खचंल."

सौंदर्या चहा घेऊन दारातच थांबली. आम्ही दोघं इतके हसलो की रुद्रय्याला ठसका लागला. "येड्या, गल्लीत कापड कुणीच इनत न्हाय, नुसता आवाज इनतोय," असं म्हणून त्यानं डोळे पुसले. मीही पुसले. मग भंगारवाल्याचं सांगितलं. तो मागाच्या लाकडावर हात ठेवून म्हणाला, "त्येला माज्याकडंबी लावून दे."

रविवारी सौंदर्या बोळात उभी राहून हाक मारेल. त्या हाकेला तो तिकडं आणि मी इकडं, एकदमच बटण दाबणार. म्हणजे दुसऱ्याचा माग थांबलेला कुणालाच ऐकावा लागणार नाही.

बाळ, दसऱ्यापासूनची आमची वीज तुझ्या हिशेबातून काढून टाक. तुझ्या सरांना माझं नाव सांगितलंस तरी चालेल. पण नकाशातून गल्ली काढू नकोस. आणि जमलं तर रविवारी ये. मला त्या दुपारी खुर्चीवर एकट्यानं डोळे मिटायची भीती वाटते.

रविवारपर्यंत मागवाला, नंतर नुसता तुझा आज्जा,
बापूसो