चुकीच्या रकान्यातले चौदा जण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त सर्जन, अविवाहित, राहणार दुसरा मजला, लोखंडी जिन्याच्या बाजूचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डॉक्टरचं अक्षर वाचायचं कुणी, म्हणून वकिलांनी टाइप करून घ्या असं सुचवलं होतं. मी ऐकलं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, आणि ज्यांनी आजवर करून पाहिली त्यांचं काय झालं ते हॉस्पिटलात विचारावं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच शेवटचं ठरतं का, ते गुरुवारी कळेल.

गुरुवारी माझं पित्ताशय काढायचं आहे. जन्मभर दुसऱ्यांची काढली, आता माझ्याच पोटात खडे निघाले. दोनदा सूज येऊन गेल्यामुळे आत सगळं एकमेकांना चिकटलेलं आहे. दुर्बिणीतून सुरुवात करायची आणि जमलं नाही तर पोट उघडायचं, असं ठरलं आहे. मला त्याची भीती नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे: सव्वीस वर्षं माझ्या नावावर छापून बसलेला एक खोटा आकडा माझ्यामागे तसाच राहील याची. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. घरदार निमित्ताला आहे.

कलम पहिले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं माझं राहतं घर मी माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला देते. घरात तिला टिटवी म्हणतात, कारण बोलायला लागली की थांबत नाही. डेटाची मॉडेलं बनवणं ही तिची नोकरी. ती काय करते हे मला पाच वर्षं कळत नव्हतं. आता कळतं आणि अभिमान वाटतो. मोरीतला नळ गळतो. तो तीनदा दुरुस्त करून झाला आहे, आता नळ नको, प्लंबर बदलावा.

कलम दुसरे. टिटवीचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेलेली माझी शिडी मी त्याला देते. ती त्याच्याकडेच असल्यामुळे ताबा देण्याचा प्रश्न येत नाही.

कलम तिसरे. हत्यारं. मी आणलेली पहिली दुर्बीण शिकाऊ डॉक्टरांच्या खोलीत ठेवावी. ती आली तेव्हा तिला बघायला तीन वॉर्डांतली माणसं दारात उभी होती. त्यावरूनच माझं नाव ‘दुर्बीणबाई’ पडलं. आज ती शोभेच्या कपाटातही जुनाट दिसते. शिकाऊ मुलांनी ती हातात घेऊन बघावी, म्हणजे नवं किती दिवस नवं राहतं ते त्यांना समजेल.

टाके घालायचा सुईचिमटा मात्र धाकट्या डॉक्टरांना द्यावा. गुरुवारी माझं ऑपरेशन तेच करणार आहेत. दुर्बिणीत ते माझ्याहून सरस आहेत, आणि आमच्या हॉस्पिटलात पोट उघडून पित्ताशय काढणं मनापासून शिकलेला आता तो एकच माणूस उरला आहे. ते शिकले थोरल्या सरांकडे. हा चिमटाही थोरल्या सरांचा. मी पहिलं ऑपरेशन एकटीने केलं त्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “घे. माझा हात आता तुझ्यापेक्षा म्हातारा झाला.” तेव्हा ते चाळीस-बेचाळीसचे असतील. खुर्चीच्या हाताला दोरा बांधून गाठी मारायला मला त्यांनीच शिकवलं. मला जे काही येतं त्यातलं अर्ध्याहून जास्त त्यांचं आहे. हे मी कुठेही, कधीही छापून म्हटलेलं नाही, म्हणून इथे म्हणते.

कलम चौथे. बँकेतली शिल्लक रेकॉर्डरूमला द्यावी. कोरडी कपाटं घ्यावीत. तिथल्या मामांना वरून दोनदा हुकूम आला होता की सगळं संगणकात चढवलंय, जुने केसपेपर रद्दीत घाला. दोन्ही वेळा मामांनी “हो साहेब” म्हटलं आणि गठ्ठे जिन्याखाली सरकवले. त्यांच्या या “हो साहेब”चे माझ्यावर फार उपकार आहेत. का, ते पुढच्या कलमात येईल.

कलम पाचवे. हे देण्याचं कलम नाही, सांगण्याचं आहे. वकील म्हणाले, याची मृत्युपत्रात गरज नाही. मी म्हटलं, मला आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी मी एक शोधनिबंध लिहिला. जुनी पद्धत म्हणजे पोटावर वीतभर काप, नवी म्हणजे चार भोकं आणि दुर्बीण. आमच्या हॉस्पिटलातले दोनशे चाळीस रुग्ण घेऊन दोन्हींची तुलना केली. उत्तर असं आलं: नव्या पद्धतीत एकशे सहा जणांपैकी तिघांना गुंतागुंत, जुन्या पद्धतीत एकशे चौतीस जणांपैकी पंधरांना. कुठे तीन आणि कुठे पंधरा. निबंध गाजला. मला बढती मिळाली. थोरल्या सरांची मंगळवारची ऑपरेशनची यादी काढून घेतली गेली आणि त्यांना बाहेरच्या तपासणी खोलीत बसवलं. जुनी पद्धत जोपासणारा माणूस म्हणून ते वर्षभराने निवृत्त झाले. निरोपसमारंभाला मी दहा मिनिटं उशिरा गेले आणि दहा मिनिटं आधी निघाले.

आता चूक. आमच्या वॉर्डात एक रीत होती: ज्या पद्धतीने पोट शिवलं, त्या पद्धतीच्या रकान्यात केस. नोंद ऑपरेशन संपल्यावर व्हायची, त्यामुळे सिस्टरांना ते सोयीचं पडायचं. पण दुर्बिणीतून सुरुवात करून, मध्येच अडलं म्हणून पोट उघडावं लागलेले चौदा जण होते. रीतीप्रमाणे ते जुन्या पद्धतीत गेले. त्या चौदांपैकी नऊ जणांना गुंतागुंत झाली. म्हणजे मी अडकवलं, सरांनी किंवा त्यांच्या हाताखालच्यांनी सोडवलं, आणि बिल सरांच्या नावावर फाटलं.

हॉस्पिटलच्या सभेत सर उठून म्हणाले होते, “बाई, तुम्हाला न जमलेल्या केसेस तुम्ही माझ्या अंगणात आणून टाकल्या आहेत.” त्या दिवसापर्यंत मी त्यांच्यासाठी ‘अगं’ होते. मी म्हणाले, “सर, रजिस्टर तुमच्याच वॉर्डाचं आहे.” लोक हसले. मीही हसले.

त्या संध्याकाळी मी रेकॉर्डरूममध्ये गेले. एक केसपेपर काढला. केसपेपरवर पोटाचं छापील चित्र असतं आणि काप कुठे दिला ते त्यावर पेनाने काढायचं असतं. त्या चित्रावर माझ्या हाताने काढलेली चार भोकं होती आणि त्यांच्या शेजारी सरांच्या हाताने काढलेला लांब काप. दुसरा केसपेपर मी काढला नाही. काढला असता तर मला माहीत झालं असतं. मला माहीत व्हायला नको होतं. यापेक्षा वेगळं कारण मला आजही देता येत नाही.

कलम सहावे. आभार.

ग्रंथपालबाईंचे. हॉस्पिटलच्या ग्रंथालयात त्यांनी माझ्या निबंधाचा दाखला जिथे जिथे दिला गेला तिथला एकेक लेख मिळवून, वाचून, त्याचं एकेक कार्ड केलं. आता हे काम मशीन करतं. मशीन म्हणतं, चारशे बारा दाखले. त्यातले बाईंच्या हाती लागलेले आणि त्यांनी वाचलेले एकशे सत्त्याऐंशी. त्यातल्या एकशे एकतीस जणांनी माझं नुसतं नाव घेतलं आहे. पंधरा जणांनी विरोध केला आहे, आणि त्यांतलं पहिलं पत्र थोरल्या सरांचं. एक्केचाळीस जणांनी मात्र माझा आकडा खरा मानून आपापल्या हॉस्पिटलात निर्णय घेतला. मी एकदा चारशे बाराचा तोरा मिरवत होते, तेव्हा बाई कार्डं लावता लावता म्हणाल्या, “मशीनला काय, ते शिव्याही टाळ्यांतच मोजतं.” मशीन वाईट नाही. चारशे बारा शोधायला बाईंना दोन जन्म लागले असते. पण एक्केचाळीस कोण, हे मला मशीनने सांगितलं नाही. ती कार्डं बाईंचीच आहेत, ती मी कोण देणार? फक्त त्यांना गुळगुळीत झालेल्या खणाऐवजी नीट कुलूप लागणारा खण करून द्यावा.

टिटवीचे. गेल्या वर्षी तिला नवं मॉडेल आणि जुनं संख्याशास्त्र यांची तुलना करायची होती. तिने माझ्याकडे निबंधाची जुनी माहिती मागितली. मी दिली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही, हेही नोंदवून ठेवते. तीन दिवसांनी फोन आला. “आत्या, दोन्हींचं उत्तर एकच. तूच बरोबर होतीस.” मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. पण तिला काही चैन पडेना. म्हणाली, “आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मला आड बघू दे.” मामांनी जिन्याखालचे गठ्ठे काढले. ही लाखाचा संगणक वापरणारी मुलगी आठ दिवस रेकॉर्डरूमच्या फरशीवर मांडी घालून पेन्सिलीने रकाने आखत बसली. नवव्या दिवशी माझ्यासमोर एक केसपेपर धरला.

“आत्या, या बाईच्या पोटावर भोकंही आहेत आणि कापही. ही नक्की कुणाची?”

“माझी,” मी म्हटलं.

ती नेहमीसारखी बोलेल असं वाटलं होतं. तिने चहा करून आणला आणि माझ्याजवळ बसली. मग आम्ही दोघींनी चौदा जणांना त्यांच्या जागी परत नेलं. दुर्बिणीने सुरुवात झालेले एकशे वीस, त्यांत गुंतागुंत बारांना. उघडून केलेले एकशे वीस, त्यांत सहांना. सरांच्या रुग्णांना माझ्या रुग्णांपेक्षा निम्मा त्रास झाला होता. पद्धत चांगलीच होती, आज तिच्यावर कोणी बोट ठेवू नये. हात कच्चे होते, आणि ते कच्चे आहेत म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्या चौदा जणांचे आणि ज्यांना मी ओळखत नाही अशा, एक्केचाळीस हॉस्पिटलांतल्या रुग्णांचे आभार मानायला मला तोंड नाही. त्यांची माफी मागते.

आणि गुरुवारची सूचना. माझ्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावं लागलं, तर धाकट्या डॉक्टरांनी बिनदिक्कत उघडावं. पण नोंद दुर्बिणीच्या रकान्यात करावी. जगले तरी आणि गेले तरी.

कलम सातवे. (आडवी रेघ मारून रद्द. बाजूला माझी व दोन्ही साक्षीदारांची सही.) माझ्या मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत टिटवीने निबंधाची दुरुस्ती नियतकालिकाकडे व त्या एक्केचाळीस जणांकडे पाठवावी. दुरुस्तीत थोरल्या सरांचं नाव पहिलं व माझं दुसरं असावं.

रेघ का मारली ते लिहिणं भाग आहे.

साक्षीदार म्हणून मी थोरल्या सरांना बोलावलं होतं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे. वकिलांनी विचारलं, त्यांना काही देताय का? मी म्हटलं, त्यांचंच परत करतेय, त्याला देणं म्हणत नाहीत. सर आज दुपारी दोन वाजता आले. वय एक्क्याण्णव. टिटवीच्या हाताला धरून, दर सहा पायऱ्यांना थांबत. कशासाठी, ते त्यांना सांगितलं नव्हतं.

“साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, सर,” मी म्हटलं.

“मला असते, बाई.”

त्यांनी पहिल्यापासून वाचलं. शिडीपाशी हसले. पाचवं कलम दोनदा वाचलं, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग सातव्याशी येऊन त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मेल्यावर का?”

“लोक काय म्हणतील ते ऐकायला मी नसेन म्हणून.” त्यांच्यासमोर दुसरं काही सुचेना.

“आणि मी? गुरुवारी तू ठणठणीत उठलीस आणि अजून वीस वर्षं जगलीस, तर मी कुठे थांबू गं?”

चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भाचीसमोर, मी रडले. सरांनी पाणी पुढे केलं आणि टिटवीला म्हणाले, “हिचं होईपर्यंत तू ते यंत्र उघड.” पत्र तयार होतं. तीन वाजून वीस मिनिटांनी ते नियतकालिकाला गेलं, आणि नंतरच्या पाऊण तासात एक्केचाळीस पत्त्यांवर. त्यामुळे सातव्या कलमात माझ्या मरणावाचून अडलेलं काही उरलेलं नाही. इतकी वर्षं न मागता मला शिकवणाऱ्या माणसाने आज आणखी एकदा शिकवलं. मी ऋणी आहे आणि हे ऋण फेडायची मला घाई नाही.

याप्रमाणे सहा कलमं जिवंत व एक पूर्ण झालेलं, असं हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, नाक पुसून सही केलं.

स्थळ: राहत्या घरी, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: १४ मार्च, सोमवार, सायंकाळी पाच.

लिहून देणार: (सही) दुर्बीणबाई

साक्षीदार एक: (सही) खालच्या मजल्यावरचे शिंपी. यांना यातून काही मिळणार नाही हे सांगितलं, तरी वर आले.

साक्षीदार दोन: (सही) निवृत्त सर्जन, वय ९१. सहीखाली त्यांच्याच अक्षरात, पेन्सिलीने:

“वाचलं. पाचव्या-सहाव्या कलमातली बेरीज मी स्वतः पुन्हा केली. बरोबर आहे. पोरी, गुरुवारी मी बाहेर बाकावर बसलेला असेन.”