आष्टीच्या बाजारात बसलेला खांदा

मु. कडा, तालुका आष्टी
कार्तिक शुद्ध सप्तमी

चिरंजीव बद्रीनाथ यास काका सुंदरराव यांचे अनेक आशीर्वाद. इकडे देवदयेने सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत (एका खांद्याचा अपवाद, तो पुढे येईल). तुझी प्रकृती, जेवण आणि हैदराबादेतील पाणी यांविषयी दोन ओळी तरी लिहीत जावे.

डाक्तरी शिकून तू केवळ हाडांचाच सर्जन होणार, या निश्चयाविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण योग्य मत दोनदा लिहिल्याने बिघडत नाही. आपले घराणे हाडवैद्यांचे. आपण हाड कातडीवरून बोटांनी ओळखतो. आत काय आहे ते पाहण्यासाठी कातडी कापणे म्हणजे ज्वारी उगवते की नाही हे पाहण्यासाठी पेरलेले शेत उकरणे होय. शिवाय तुमच्याकडे रोग्यास औषध हुंगवून निजवितात, असे तू लिहिलेस. निजलेल्या माणसाशी बोलणार काय? आपली अर्धी विद्या बोटांत आणि अर्धी जिभेवर. ऐन ओढ देताना रोग्याच्या कानी अशी बातमी घालावयाची की त्याचे चित्त दुखण्यावरून उडावे, आणि तेवढ्यात हाड जागी बसावे. (आश्रुबा पाटलास मी त्याच्या पाटीलकीवर धाकट्या भावाचे नाव लागल्याचे सांगितले होते. पाय केव्हा बसला हे त्यास कळलेही नाही.)

असो. गेल्या बाजारी तुझ्या काकूस घेऊन आष्टीस गेलो होतो. छकड्यातून उतरताना गाडीवान शहादेवाने हात पुढे केला. आपल्या घराण्यातील मनुष्य हात देत असतो, घेत नसतो, हे मी त्यास समजावून सांगत असतानाच माझा पाय निसटला आणि डावा खांदा निखळला. निखळला तोही इसाकच्या दुकानासमोर. हा इसाक फळे विकतो आणि हाडे बसवितो. त्याच्या वडिलांनी ही विद्या माझ्या वडिलांकडूनच घेतली. म्हणून मी त्यास प्रतिस्पर्धी मानीत नाही, केवळ त्याच्याशी बोलत नाही.

त्याने सीताफळांची पाटी बाजूस सारून मला पोत्यावर बसविले, हात धरला आणि म्हणाला, "काका, तुमची कडब्याची गंजी पेटली म्हनं."

मी म्हणालो, "ही बातमी माझ्या वडिलांची आहे. ओढ नीट दे."

"म्हैस हिरीत पडली."

"तीही त्यांचीच."

"मग तुमीच एखादी सांगा की, काका! मी कुटून आनू?"

विद्या ठाऊक असलेल्या माणसाचा खांदा किती आवळून बसतो, हे मला प्रथमच कळले. भोवती जमलेली मंडळीही बातम्या सुचवू लागली. एकाने तर मीच वारलो असे मला सांगितले. इतक्यात तुझी काकू बांगड्यांच्या पालातून आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आवं, बद्री डाक्तरी सोडून घरी यायलाय. तुमच्यावानीच हाडं बसवीन म्हनतोय."

यावर मी मोठ्याने काहीतरी बोललो. काय, ते मला स्मरत नाही. (बाजारास स्मरते. "खबरदार! पोरगं सर्जनच होनार!" हे शब्द तहसील कचेरीपर्यंत ऐकू गेले, असे लोक म्हणतात. वेदनेने मनुष्य वाटेल ते बोलतो.) खांदा मात्र बसला. इसाकने हात झोळीत बांधून एक सीताफळ पुढे केले. मी ते खाल्ले. यास बोलणे म्हणता येत नाही.

बाकी सर्व यथास्थित. लोभ आहेच, तो लिहून दाखविण्याची आपल्यात रीत नाही.

तुझा काका,
सुंदरराव

ता.क. : सांगितलेली बातमी खरी की खोटी, हे झोळी सुटेपर्यंत रोग्यास कळू देऊ नये, असा आपल्या घराण्याचा नियम आहे. मन गुंतून राहिले म्हणजे हात हलत नाही. हा नियम मीच कडक केला. काकूस विचारले, तर ती म्हणते, "झोळी सुटू द्या." इसाकास निरोप धाडला, त्याचेही उत्तर तेच. त्यांना नियम मोडावयास लावणे मला शोभत नाही. म्हणून तूच उलट टपाली लिही.

ता.क. दुसरे : बातमी खोटी असल्यास, मी विचारल्याचे काकूस कळवू नये. खरी असल्यास, म्हणजे प्रेते फाडून जीव विटला असेल किंवा घरची आठवण येत असेल, तर मी झोळीसकट हैदराबादेस येऊन राहतो. परंतु शिक्षण सोडू नये. ही आज्ञा आहे. आज्ञा मानवत नसेल, तर विनंती समजावी.