अक्काचे गुडघे

लातूर, मंगळवार संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. अक्काला दोन जिने चढवत नाहीत म्हणून आज हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून म्हणाले, एक झडप आकसली आहे, लहानपणी घसा दुखून आलेल्या, औषधाविना राहिलेल्या तापामुळं. "तेव्हा गुडघे सुजायचे का?"

"हाव," अक्का म्हणाली. "आठ-आठ दिवस चालता येत नव्हतं."

घरी येताच दाजी सुरू झाले. "उपास लई करते ही. तब्येतीकडं लक्षच न्हाई." मी तडकले. उपासाचा काय संबंध? ती नऊ वर्षांची असताना माय आणि बाबा मुखेडला मजुरीला जायचे. एक खाडा झाला की संध्याकाळी चूल थंड. म्हणून अक्काच्या गुडघ्यांना हळद लावून दोघं कामावर जायचे. मी जन्मले तोवर बाबा शाळेत शिपाई झाले होते. माझा घसा दुखला की लगेच नांदेडचा दवाखाना. घर तेच, मायबाप तेच. मग सुजलेले गुडघे एकटीच्याच वाट्याला का?

मायला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती चिडूनच म्हणाली, "तेव्हा मी काय करायला पायजे होतं, सांग."

चिडायचं तरी कुणावर?

अक्कानं माझ्या हातातून फोन घेतला. "माय, काही न्हाई. वयानं होतं असं, डॉक्टर म्हणाले. तू जेवून घे."

अडतीस वर्षांची आहे अक्का.