गुण कळला, अक्का

पिंप्राळा, जळगाव

तीर्थस्वरूप यशोदाअक्कास,

धाकट्या पितांबरचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? धुळ्याची थंडी त्यांना सोसत नाही हे तू कबूल करणार नाहीस, म्हणून मीच लिहून टाकतो. इकडे सगळे खुशाल.

जितेंद्र आणि चारुलताने पोर दत्तक आणली तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "रक्ताचा गुण कसा निघतो ते कळू दे, मग नाव ठेवायला येईन." आता माझ्या जितेंद्रला बहीण नाही, त्यामुळे पाळण्याशी आत्या म्हणून मान तुझाच. पोर दीड वर्षाची झाली, कागदावर काहीतरी नाव आहे, पण घरचं बारसं तुझ्यावाचून अडलंय. असो. मी आग्रह करत नाही. (चारुलता करते.) फक्त गुण कळवतो.

गेल्या रविवारी पाचोऱ्याला आपल्या चुलतभावाच्या, तोतारामच्या, शेतात भरीत पार्टी होती. तोतारामला रक्तातलं फार कळतं (सगळं ज्ञान बैलबाजारातलं). त्याने आधी पोरीचं नाक कोणाचं यावर वाद घातला, मग दात बघायला तोंडात बोट घातलं. पोरीने कडकडून चावून दात पक्के असल्याचं दाखवलं. इकडे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून हिरव्या मिरचीचं भरीत तयार झालं होतं. पोरीने कोणाचं लक्ष नसताना त्यात मूठ घातली आणि तोंडात कोंबली. अगं, आम्ही पाणी आण, गूळ आण म्हणून धावतोय, आणि ही लालबुंद होऊन आणखी मागतेय! तोताराम मात्र अस्सल रक्ताचा असून नाक पुसत तांब्याने पाणी पीत होता.

चारुलताने पातेलं उचलून लांब ठेवलं. झालं! बाईसाहेब गर्रकन वळल्या, सगळ्यांकडे पाठ केली, हनुवटी वर, हात पोटाशी, आणि बांधाकडे तोंड करून बसल्या. तोतारामची आई, धुरपदाकाकू, ओरडली, "हाई ते बठ्ठी यशोदा शे!" (म्हणजे अख्खी तूच!)

अक्का, तिने तुला पाहिलेलंसुद्धा नाही! मग हे आलं कुठून? चारुलता कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "बाबा, काही जन्मासोबत येतं, बाकी मुलं बघून उचलतात. आपल्या घरात असं कोण बसतं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिली भाकरी तोतारामला वाढली म्हणून मी मघाशी विहिरीकडे तोंड करून बसलो होतो. मी ते तुझ्याकडून उचललं, तू आपल्या आबांकडून. आबांनी कोणाकडून, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

फार जीव जडलाय गं पोरीवर माझा.

तुझा,
पितांबर

ता. क. : यायची मुळीच घाई नाही. जितेंद्र शनिवारी गाडी घेऊन तुझ्या दारात येतोय, तो सहज.

ता. क. : नाव तूच ठरव. तोवर मी तिला "ए अक्का" अशी हाक मारतो. ती ओ देते.