बोनेट गरम होतं

२२ एप्रिल
आटगावला जाऊन आलो. दिवस फुकट गेला. पिकअप, फोर बाय फोर, "एका डॉक्टरची, फक्त रविवारी चालवलेली." डॉक्टर रविवारी दगड वाहत असेल तर माहीत नाही, पण मागचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट. खडी क्रशरच्या वजनकाट्यावर आयुष्य काढलं, गाडीने काय काय वाहिलंय ते पाटे बघून कळतं मला. विकणारा म्हणाला, काका, फोटोत बघा किती भारी दिसते. म्हटलं, फोटोत मीही बरा दिसतो.

सु. ने विचारलं काय झालं. म्हटलं, सगळे चोर आहेत. ती मानेला पट्टा लावून भाकऱ्या थापत होती. डॉक्टरने सांगितलंय, डोक्यावर ओझं बंद म्हणजे बंद. आणि आमच्या माळावरची प्रत्येक पाटी आजवर तिच्याच डोक्यावरून खाली आलेली. आंबे, काकडी, गवताचे भारे, सगळं. ट्रॅक्टर त्या चढावर उलटायला बघतो, टेम्पो ओढ्यातच बसतो. चारी चाकांनी ओढणारी गाडी पावसाआधी मिळाली तर माळ राहील, नाहीतर विकून टाकू, असं तीच म्हणाली. कलमं तिने लावलेली, आणि विकू म्हणतेय तीच. मला ते ऐकवत नाही.

माळ विकत मागणाऱ्या प्लॉटवाल्यांचे फोन चालूच. नंबर कुठून मिळतो यांना? अनोळखी नंबर उचलणं बंद केलंय.

२७ एप्रिल
उंबरमाळी. या वेळी किसनला बरोबर घेतलं. बायकोचा, सु. चा, सख्खा भाऊ, शहापूरला स्वतःचं गॅरेज, गाड्यांतलं त्याला सगळं कळतं. कळतं म्हणूनच जरा जपून.

पिकअप दिसायला चांगली. मालकाने फोर व्हीलचा दांडा असा ओढून दाखवला की जणू विमान उडवतोय. मी सरळ खाली झोपलो. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही! दांडा आहे, त्यावर लाल गोळा आहे, खाली पोकळी. विचारलं तर मालक म्हणतो, "अवो, कोन वापरतो तो? काढून ठेवला." कुठे ठेवला ते आठवत नाही त्याला.

किसन म्हणाला, मी सांगणारच होतो भावजी. होता म्हणे. मी शर्टाची माती करून घेईपर्यंत का थांबला?

३ मे
किसनचा फोन. सिद्धगडाच्या अंगाला एका वाडीत जीप आहे, बारकू म्हणून मालक. आमच्या माळापासून डोंगर वळसा घालून जेमतेम तासभर. जुनी, पण फोर बाय फोर खरी. किंमत ऐकली. दोनदा ऐकली. बाजारभावाच्या निम्मी.

निम्मी का? किसन म्हणतो, आधी बघा तर. रविवारी मी येतो बरोबर, एकटे जाऊ नका. एकटे का जाऊ नका? त्याला किती सुटणार आहेत यात?

आमचे आबा बैल कधी बाजारात पसंत करायचे नाहीत. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत नुसता मालक हेरून यायचे. मग न सांगता एखाद्या पहाटे त्याच्या गोठ्यावर. बसलेला बैल उठतो कसा ते बघायचे. बाजारात शिंगं रंगवून उभा केलेला कुठलाही बैल चांगलाच दिसतो, म्हणायचे. इंजिनाचंही तेच. गार असताना एका चावीत उठलं तर खरं. मी न सांगता जाणार.

५ मे
अंधारातच मोटारसायकल काढली. उजाडायला वाडीत. जीप मांडवाखाली. अंगणात कोणी नाही. बोनेटवर हात ठेवला.

गरम!

मागे डोकावलो. फळ्या धुतलेल्या, ओल्याच. फिनेलचा वास. कडेला झेंडूची एक पाकळी चिकटलेली. म्हणजे इंजिन तापवून ठेवलंय, आतून धुऊन काढलीय, वर पूजेचं नाटक. गेल्या पुरात बुडालेली गाडी असणार. बुडालेल्या गाडीचा वास जात नाही, म्हणून फिनेल. आणि मी येतोय हे यांना कळलं कसं? किसन. दुसरं कोण?

बारकू बाहेर आला. साठीचा, किडकिडीत, नुकती आंघोळ केलेली, केस ओले. विचारलं, गाडी काढली होती काय?

"व्हय. काम व्हता."

कसलं काम?

"काम व्हता." आणि दुसरीकडे बघायला लागला.

चालवली. एका चावीत सुरू, होणारच, गरम होती. ओढ्यातल्या दगडांवरून नेली, चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलली. कुरकुर नाही. मला गाडी आवडली, आणि त्याचाच जास्त राग आला. कळवतो म्हणून निघालो.

८ मे
मी मुरबाडला गेलेलो असताना सु. माळावर गेली. येताना आंब्यांची पाटी डोक्यावर. ओढ्याशी सापडली मला, मान धरून बसलेली, पाटी बाजूला. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "मग कोन आननार? तुमची गाडी?"

संध्याकाळी प्लॉटवाला घरीच आला. मी त्याला उभंही केलं नसतं. तिने चहा दिला. कपबशी चांगली काढली होती.

मला भीती वाटतेय. तिच्या मानेची, आणि त्या चहाचीसुद्धा.

१० मे
शहापूर. किसनला गॅरेजात गाठून तोंडावर विचारलं, बुडालेली गाडी माझ्या गळ्यात बांधून तुला काय मिळणार होतं?

त्याने हातातला पाना खाली ठेवला. पोरांना चहा आणायला पाठवलं. मग बोलला.

"बुडाली नाय ती, भावजी. त्या पहाटं मयत आनली व्हती तिच्यातून. त्यांच्या वाडीतली म्हातारी. इकडं सरकारी दवाखान्यात गेली. वर जायला दुसरी गाडी हाय कुठं?"

मग आधी का नाही सांगितलंस?

"सांगितला असता तर ताईला बसवली असतीत तुमी त्या गाडीत?"

 धुतलेल्या फळ्या, पाकळी, ओले केस. सगळं डोळ्यांपुढे होतं आणि मी त्यातून पूर काढला. बारकू तरी काय सांगणार गिऱ्हाइकाला? त्या गाडीतून मढं आणलं कळलं की गिऱ्हाईक फिरकतच नाही.

मी निघालो तेव्हा पोरांनी आणलेला चहा किसनने मला विचारला नाही. बरोबरच आहे त्याचं.

११ मे
सु. ला सगळं सांगितलं. वाटलं, नको म्हणेल. भाजी निवडता निवडता म्हणाली, "मेलेल्या मानसाला घरी आनते ती गाडी. जित्याला नाय आननार?" आणि पुढची जुडी घेतली.

ते ठीक. पण निम्मी किंमत का, ते अजून कळलेलं नाही. मयतीमुळे दहा वीस हजार उतरतील. निम्मी?

१५ मे
सु. ला घेऊन बारकूकडे गेलो. या वेळी सांगून. 

निम्म्याचं कारण सांगितलं त्याने. डोळ्यांत मोतीबिंदू, अंधारात समोरचं दिसत नाही; त्या पहाटेही शेजारी बसलेल्याने वाट सांगितली तेव्हा गाडी वर आली. मुलगा कल्याणला, परत येणार नाही. गाडी गेली की वाडीला गाडी नाही. म्हणून पैसे कमी, पण एक अट. "वाडीवरना फोन आला का गाडी घेऊन यायचा. जिता असो, मेलेला असो."

म्हटलं, आणि मी गाडी घेतल्यावर नाही आलो तर?

"त्योच तं इचार करतो मी पन."

परत येताना सु. खूश. मी हिशेब घालतोय. कुठल्याही वेळी, पावसात, त्या दगडांवरून? लोक एकदा बोलावतील, मग बाजाराला जायलाही बोलावतील. असलं काही अंगाला लावून घेतलं की सुटत नाही.

१९ मे
सकाळी चूळ भरायला बाहेर आलो तर ओट्यावर बारकू बसलेला. न सांगता. बाहेर जीप. मी बनियनवर, तोंडाला मंजन.

"सहज आलतो," म्हणाला.

सहज! उजाडायच्या आत, डोंगर उतरून, अंधारात दिसत नसताना. दोन दिवसांसाठी वाडीवर आलेल्या पुतण्याने चालवत आणलं होतं त्याला, तो गाडीत झोपलेला. बारकू गोठा बघून आला, माझी मोटारसायकल बघितली, चाकांना लागलेला चिखल बघितला. मी झोपेतून उठतो कसा तेसुद्धा बघितलं असेल. मग माझ्यासमोरच सु. ला विचारलं, "ह्ये रातचे उठतात का?"

"उठवलं का उठतात. आदी बडबड करतात."

तो पहिल्यांदा हसला. माझ्याकडे बघून नाही.

आबा असते तर त्यांनाही हसू आलं असतं. मी मात्र चिडलो. माझी पारख करायला आला हा! पण कुठल्या तोंडाने बोलणार?

जीप ठेवून पुतण्याबरोबर एसटीने परत गेला. पाऊस पडेपर्यंत चालवा, म्हणाला, मग तुमी सांगा, मी पन सांगीन. किल्ली सु. च्या हातात दिली. वाडीतल्यांना माझा नंबर दिलाय म्हणे. मला न विचारता.

२४ मे
माळावरचे आंबे आज एका खेपेत खाली. आधी कितीदा चढावं लागायचं. सु. पुढे बसली, पट्टा लावून, दोन्ही हात मांडीवर. वाटेत एकदाही मागे वळून पाट्या बघितल्या नाहीत. ओढ्याशी आल्यावर नुसती म्हणाली, इथं बसले व्हते मी. बरं वाटलं. बरं म्हणजे फारच.

प्लॉटवाल्याला तिने स्वतः नको सांगितलं. म्हणजे पक्कं धरून चाललीय. मी अजून काही बोललो नाही बारकूला. क्लच जरा वर लागतो. डाव्या पुढच्या चाकातून बारीक आवाज येतो, किसनला विचारायला हवं, बोलला तर. आणि ती अट. ती मला अजून गिळवत नाही. दुसऱ्या बाजूने, दुसरी गाडी बघायची इच्छाही राहिलेली नाही.

ढग आलेत सिद्धगडावर.

लिहिता लिहिता फोन. अनोळखी नंबर. प्लॉटवाला असेल. नव्याने घेतला असेल नंबर, त्यांचं काय सांगता येतं.

बंद झाला. परत वाजतोय. तोच नंबर.

सु. दारात येऊन उभी आहे.  किल्ली हातात आहे तिच्या.

पेन ठेवतो.