ओप्पियुस रोमचा नागरिक होता

मी, क्विंटुस सालोनियुस नेपोस, वय एकसष्ट, सिसिलीतील लिलीबेयुम येथील रोमचा अधिकारी, उद्या चौकशीसाठी रोमला निघत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहितो. निकालानंतर माझं म्हणून जे उरेल, त्याची व्यवस्था अशी:

माझी वारस माझी मुलगी सालोनिया. टेकडीवरचं घर आणि ऑलिव्हची बाग तिची. बागेची पश्चिमेकडची भिंत पडली आहे. माझ्याच्यानं बांधून झाली नाही.

मेहुणा काइसो यास काहीही देऊ नये, मागितलं तरी. धान्याच्या दंगलीत शिडं शिवणाऱ्या ओप्पियुसला पकडलं, तेव्हा तो ओरडत होता, "मी रोमचा नागरिक आहे, माझा न्याय रोमला होऊ द्या!" काइसो म्हणाला, "दाजी, सगळे असंच म्हणतात. लटकवा आणि मोकळे व्हा." आता तोच रोममध्ये सांगत फिरतो, की ओप्पियुसला लटकवू नका म्हणून त्यानेच माझे पाय धरले होते. हुकूम मात्र माझा होता.

माझा गुलाम, कारकून निकोन, आजपासून स्वतंत्र. तो म्हणाला होता, "मालक, त्याच्या गावच्या नोंदीचा उतारा येईपर्यंत थांबा." मी थांबलो नाही. ओप्पियुस क्रुसावर मेला. बाराव्या दिवशी उतारा आला. तो खरंच नागरिक होता. मी म्हणालो, "जाळ तो." निकोनने तो रोमला धाडला. याबद्दल त्याला कोणी छळू नये.

समुद्राकाठचं शेत ओप्पियुसची आई सिमाइथा हिला द्यायला मी गेलो होतो. ती दार अडवून उभी राहिली. "शेत काय करू? क्रुसावर गुलाम मरतात. बाजारात मला गुलामाची आई म्हणतात. चौकात जा आणि सांग, माझा लेक कोण होता." मी परतलो.

~~माझ्या मृत्यूनंतर सालोनियाने हे चौकात जाहीर करावं.~~

वरील कलम मी खोडलं आहे. खाडाखोड माझ्याच हातची. वकील सांगत होता, तुम्ही ते ओरडणं ऐकलंच नाही असं म्हणा. आज सकाळी बाजार भरल्यावर मी चौकात उभा राहिलो आणि सांगितलं, की ओप्पियुस रोमचा नागरिक होता आणि त्याचं ओरडणं मी ऐकलं होतं. रोममध्ये आता माझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही उरलं नाही. सिमाइथा गर्दीच्या मागे होती. म्हणाली, "मोठ्यानं बोल. इथं ऐकू येत नाही."

मी पुन्हा सांगितलं.

सही व शिक्का: क्वि. सालोनियुस नेपोस

साक्षीदार: वेरियुस, तित्तियुस, आल्फियुस, मुन्नियुस, कास्त्रिकियुस, नोवियुस, पेदियुस. (सात लागतात; सातवा मिळायला संध्याकाळ झाली.)

लिलीबेयुम, सप्टेंबरचा मध्य, माझ्या कारभाराचं तिसरं वर्ष.