न सांगितलेली खूण

पौड,
मंगळवार, ता. ९ डिसेंबर २०२५

माझी धाकटी बहीण परवीन हिला भाई हाफीजचा सलाम आणि भरभरून दुवा.

आम्ही इथं सगळे ठीक आहोत. थंडी चांगलीच पडलीय. सूनबाई जस्मीनचं बाळ सर्दीनं किरकिर करतंय, पण दूध पितंय, म्हणजे काळजी नाही. लग्नसराईमुळे दुकानात हिरव्या बांगड्यांना उसंत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढउतार करू नकोस. पाणी वर न्यायला भाडेकरूंना सांगत जा, लाजू नकोस.

तू रविवारपासून फोन करते आहेस आणि मी उचलत नाही. रागावली असशील. पण फोनवर तू "भाई, सांग ना" म्हणालीस की माझी बोलतीच बंद होते, म्हणून लिहायला बसलो. पत्र शुभांगीच्या हाती देतोय. तुझी भाडेकरू असली तरी लेकीसारखी आहे पोरगी. इथल्या दवाखान्यातलं काम आटोपलं की घोटावड्यावरून नेऱ्याला येईल. मी तिला सांगितलंय, परवीनचं वाचून होईपर्यंत तिच्याजवळून उठू नकोस.

तर ऐक. मी गेलो होतो.

घर सोडून गेलेली मुलं शोधायला सरकारनं यंदा पुण्यात जे नवं कार्यालय काढलंय ना, ते म्हणजे दोन खोल्या आणि दिशा मॅडम. वय तिशीच्या आत, पण फार मायाळू. तिनंच तुला फोन केला होता, की एका बालगृहातला मुलगा इरफानच्या फोटोशी जुळतोय, वय चौदाच्या आसपास, कपाळावर व्रण आहे, नावही इरफानच सांगतोय. तुझ्यानं एवढा प्रवास झेपणार नाही म्हणून ओळख पटवायला मी निघालो. स्टँडवर दुकानाची जुनी गिऱ्हाईक तुळजाबाई भेटली. "भाईसाब, पोरगं आणाया चाललाय न्हवं? मग मला पेढं पायजेत, नुसत्या बांगड्यांवर न्हाई भागणार!" मी हसून हो म्हटलं. खरं सांगतो, जाताना मी खुशीत होतो.

शनिवारी मॅडमच्या गाडीतून तिथं पोचलो. मुलाला आणलं. उंच झालेला, मिसरूड फुटू लागलेलं, डोळे थेट आपल्या दाजींसारखे. माझ्याकडं बघून म्हणाला, "मामू." मग म्हणाला, "अम्मी कशी आहे?"

मी त्याला जवळ घेतला, डोकं कुरवाळलं. केस मागं सारून त्याचा उजवा कान पाहिला.

कान अख्खा होता, परवीन.

अनिसच्या पाठची तुझी दोन जगली नाहीत, म्हणून तू इरफानचा उजवा कान पिराच्या नावानं टोचला होतास. चार वर्षांचा असताना खेळताना त्याची बाळी ओढली गेली आणि पाळ फाटून दोन झाली. ती काही सांधली नाही. या पोराची पाळ माझ्यातुझ्यासारखीच, गोल.

मी विचारलं, "बाळा, तुझं खरं नाव काय रे?"

तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते."

त्याला कुणी शोधत नाही. नेऱ्याला एक आई इरफानची वाट बघते, मामू बघायला येणार, एवढं त्यानं मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकलं होतं. निघताना त्यानं माझी बाही धरली. "मामू, मी काम करीन. त्यांना म्हणा ना मीच आहे." मी नाही म्हटलं. म्हणावंच लागलं. त्याच्या तोंडाकडं बघवलं नाही.

तुला एवढंच कळवून पत्र संपवावं असं फार वाटतंय. तो आपला नव्हता, शोध चालू आहे, असं लिहून खाली सही करावी. तू आणखी चार वर्षं वाट बघत बसली असतीस. बिल्डर येत राहिला असता आणि तू त्याला म्हणत राहिली असतीस, "माझ्या इरफानला हेच घर ठावं हाय, आजूबाजूला काय बी बांधा, हे न्हाई पाडायचं." मी पण मान डोलावली असती. पण मला ते जमणार नाही.

परत येताना गाडीत मी मॅडमला कानाचं सांगितलं. ती एकदम वळली. "काका, तक्रारीत कानाचं काहीच नाही! फक्त कपाळावरचा व्रण आहे."

"तिच्या मालकांना ते कागदावर नको होतं," मी म्हटलं.

दाजींना नवस-बिवस पटायचा नाही हे तुला माहीत आहे. चौकीत तू कानाचं सांगायला गेलीस तेव्हा त्यांनी तुला डोळ्यांनी गप्प केलं होतं. फोटोही मुद्दाम कान झाकणाऱ्या टोपीतलाच दिला. त्यांना तरी काय ठाऊक? त्यांना वाटलं, पोरगं संध्याकाळपर्यंत येईल, कशाला उगाच चर्चा. आता तेही नाहीत. अल्लाह त्यांना माफ करो. तू त्यांना बोल लावू नकोस, आणि स्वतःला तर मुळीच नाही. तू पोर जगावं म्हणून कान टोचलास.

काल सोमवारी मॅडमनं मला परत बोलावलं. कानाची खूण घालून तिनं दुसरीकडं शोध घेतला होता. ज्यांची ओळख पटली नाही अशा मुलांच्यात. मला पाणी दिलं, खुर्ची जवळ ओढली, एक फोटो समोर ठेवला आणि म्हणाली, "काका, सावकाश बघा."

दौंडच्या पुढं, रुळांच्या कडेला. घर सोडलं त्याच आठवड्यात. पाळ फाटलेली होती आणि अंगात ईदचा निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, मी शिंप्याकडून शिवून आणलेला. कपाळाचं मला विचारू नकोस. चेहरा मी फार वेळ पाहिला नाही. पण तोच आहे, परवीन. आपला इरफान आहे.

तिथल्या पोलिसांनी खबर फिरवली होती. पण त्यांच्या खबरीत कान होता आणि आपल्या तक्रारीत कपाळ. बेवारस म्हणून मातीत ठेवला त्याला. जागा मॅडमनं शोधून काढलीय. मी अजून गेलो नाही. तुला सोडून मला जाता येणार नाही.

एवढं नवं कार्यालय काढलं, चांगली माणसं बसवली, आणि आपल्या पोरापुरतं ते चार वर्षं उशिरा आलं. मॅडम माझ्यासमोर रडली. मी तिचीच समजूत घालत बसलो.

पक्की खात्री करायला तुझं रक्त द्यावं लागेल. शुक्रवारी सकाळी मी न्यायला येतो. गाडी अनिसची असेल.

त्याला अजून सांगितलेलं नाही. इरफाननं मोबाइल फोडला म्हणून त्यानं त्याला मारलं आणि पोरगं घर सोडून गेलं. त्या दिवसापासून तू त्याच्याशी शब्द बोलली नाहीस. तो भूगावच्या फ्लॅटमध्ये तुझ्यासाठी खोली राखून आहे आणि दर जुम्म्याला मला विचारतो, "मामू, अम्मी काही म्हणाली?" मी दर वेळी खोटं सांगतो, की म्हणाली, जेवलास का विचारत होती. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आता त्याच्याकडं बघवत नाही. आजवर त्याला वाटत होतं, इरफान परत आला की अम्मी बोलेल. आता ते दारही बंद झालं.

हे मला त्याला सांगता येणार नाही. तू आई आहेस, तू सांग. कसं सांगायचं ते मला ठाऊक नाही. सांगण्यासारखं काही आहे का तेही ठाऊक नाही. शुक्रवारी तो गाडीतच बसून राहील, हॉर्न वाजवणार नाही. त्याला आत बोलाव. नाही बोलावलंस तर मी काही म्हणणार नाही, दोघांच्या मधे बसून येईन.

तुला जन्मात पहिल्यांदा वाईट खबर लिहिणारा,
तुझा भाई
हाफीज